लवणीचे झिरे

आंजी गावाच्या अलीकडे, शाळेच्या मागून जी बारीक नदी जाते तिचं नाव लवणी. सरकारी नकाशात तिला नाला म्हटलंय, हे तानाबाईंना मुळीच मान्य नव्हतं.

"नाल्याले का सतरा वळणं असतात, व?" त्या नातीला विचारत.

नात मेघा या उन्हाळ्यात खास नदीच्याच कामासाठी आली होती. ग्रामपंचायत नदीचं खोलीकरण करणार होती आणि त्याआधी जुना प्रवाह, जुने पाणवठे, सगळं टिपून हवं होतं. मेघाजवळ मोबाइल होता, आजीजवळ अठ्ठ्याहत्तर वर्षांची आठवण. दोघी सकाळी भाकरी बांधून निघत. इतक्या सुखाचे दिवस तानाबाईंच्या वाट्याला बऱ्याच वर्षांनी आले होते. मनाला एकच घोर होता. त्यांची जुनी मैत्रीण छाया आठ दिवसांपासून सावंगीच्या दवाखान्यात होती, नाकाला नळी लावलेली.

लवणी पळसांच्या टेकडीखालून निघते. काळ्या खडकापाशी पहिलं वळण घेते, मग शेतांच्या बांधांना धरून उगाच इकडेतिकडे हिंडते. सोळाव्या वळणावर वरच्या आळीचा पाणवठा. सतराव्यावर, धाम नदीला मिळायच्या जरा आधी, तानाबाईंच्या वस्तीचा.

"आमच्यापर्यंत येईस्तोवर पाणी दमून जाये," त्या म्हणाल्या. "मग आम्ही वाळू उकरून त्याले उठवत होतो."

चैतात नदी आटली की बायका वाळूत हातभर खळगा करत. पाणी झिरपून वर येई. तो झिरा. करवंटीने उपसायचं, थांबायचं, पुन्हा वर आलं की पुन्हा उपसायचं. नऊ घरच्या नऊ बायका, नऊ जागा, रांगेनं ठरलेल्या. आपला झिरा आटला तर शेजारणीला विचारून तिच्यातलं घ्यावं. पण दुसरीचा झिरा बुजवू नये. तसं कुणी केल्याचं तानाबाईंना आठवत नव्हतं.

सतराव्या वळणावर मेघा थांबली.

"आजी, हे कोणी खोदले?"

कोरड्या वाळूत सात खळगे होते. सातांतही स्वच्छ पाणी.

"रानडुकरं असतील," मेघाच म्हणाली आणि फोटो काढू लागली.

तानाबाई काठावर बसल्या. नळ येऊन चाळीस वर्षं झाली होती. इथं आता कोण येणार? शिवाय डुक्कर काठ थापत नाही. पहिल्या खळग्याभोवती गोटे नीट मांडलेले होते. तशी हौस लहानूच्या मायला. तिसरा कौतिकाबाईंसारखा अरुंद आणि खोल. त्यांनी बोटांवर मोजलं. नऊतल्या सात जणी गेल्या होत्या. कौतिकाबाई शेवटच्या, मागच्या दिवाळीला.

भीती वाटली नाही. सगळ्या आपापल्या जागी आहेत, एवढंच मनात आलं, आणि बरं वाटलं.

रांगेत शेवटच्या दोन जागा रिकाम्या होत्या. एक छायाची, एक त्यांची.

दुसऱ्या दिवशी मेघाला वळणाची रुंदी मोजायची होती. तानाबाई पुढे झाल्या आणि त्यांचे पाय थबकले.

आठवा झिरा अर्धा उकरलेला होता. तळाची वाळू ओली. खालच्या अंगाला वीतभर पाट काढलेला आणि पाटाच्या टोकाला छोटी वाटीएवढी खळगी.

ती शेळीसाठी. नऊ जणींत शेळीचं पाणी वेगळं काढणारी एकच होती.

"मेघा, तू वरून मोजत ये," त्या म्हणाल्या. "मी बसतो इथं."

नात वळणाआड गेली. तानाबाई गुडघ्यांवर बसल्या. तळाशी पाणी चमकायला लागलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी वाळू लोटली. पाट मोडला. खळगी मोडली. वरून तळव्यानं थापलं.

पाणी एकदा वर आलं. त्यांनी पुन्हा वाळू टाकली, वर बसून राहिल्या.

"घामाघूम काऊन झाली?" मेघानं परतल्यावर विचारलं.

"ऊन लागलं, बाई."

संध्याकाळी छायाच्या मुलाचा, प्रफुलचा फोन आला. नळी काढली होती. आईनं चहा मागितला होता, वर त्यात साखर कमी आहे म्हणून भांडलीही होती. तानाबाई पोटभर हसल्या. त्या दिवशी त्यांनी मेघासाठी आलुबोंडे केले.

पंधरा दिवसांनी छाया घरी आली. वाळली होती, पण जीभ तशीच.

"ताने, तू तर नवरीवानी दिसून राह्यली. मी मरतो म्हणून खूश झालती का?"

"तू मरतेस! यमाले बोलून बोलून परत पाठवशील."

छायाला नदी पाहायची होती. प्रफुलनं दोघींना गाडीनं वळणावर सोडलं आणि तो मेघाजवळ, वर कडुनिंबाखाली थांबला. त्या हात धरून खाली उतरल्या.

सात झिरे तसेच होते. आठव्याची वाळू सपाट. छाया त्या सपाट वाळूपाशी उभी राहिली.

"तुले सांगू? दवाखान्यात मी उकरत होती. लय तहान लागली होती. मी उकरो अन् तू बुजवत जाय." तिनं तानाबाईंकडे पाहिलं. "काऊन बुजवत होती, व?"

तानाबाईंनी पायानं ती वाळू आणखी सारखी केली.

"अजूनही तहान जाऊन नाई राह्यली," छाया म्हणाली. "घरचं पाणी लागतच नाई."

मग तिची नजर पुढे गेली. तानाबाईंचीही गेली.

रांगेच्या टोकाला नववा झिरा होता. काठोकाठ भरलेला. काठ उलट्या बाजूनं थापलेला. डावखुऱ्या तानाबाईंना त्यावरून सगळ्या जणी चिडवायच्या.

छाया त्याच्यापाशी टेकली. रीत ती विसरली नव्हती.

"ताने, तुह्या झिऱ्यातलं घेऊ?"

वाळू हाताशी होती. तानाबाईंनी तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं.

"घे."

छाया ओंजळीनं प्यायली. सावकाश, डोळे मिटून. एक, दोन, पाच ओंजळी. तिच्या गालांवर रंग आला. "असंच लागे," ती म्हणाली, "अगदी असंच," आणि पदरानं तोंड पुसून लहान पोरीसारखी हसली.

तानाबाई तिला टेकून बसल्या. ऊन कोवळं होतं, वाळू अंगाला ऊबदार लागत होती.

झिऱ्यात पाणी परत वर यायची त्या वाट पाहत होत्या.