रिग्मोरला खिडकी चालत नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा. सिसेल माझी शेजारीण आहे, आणि अशा गोष्टी रचण्याइतकी कल्पनाशक्ती तिच्यात नाही.

हे घडलं इथेच, डेन्मार्कातल्या रोस्किल्डला, मागच्या डिसेंबरात. भरदुपारी अंधारून येतं ते दिवस.

सिसेलची सासू रिग्मोर वारली. तिचं घर म्हणजे फर्निचरचं देऊळ. ओकच्या जुन्या खुर्च्या, कागदी दोरीनं विणलेल्या बैठका, सागाचं टेबल. बाई जन्मभर साबणाच्या पाण्यानं खुर्च्या पुसत आली. नातवंडांना तिनं इतक्या मायेनं कधी हात लावला नाही. आलेला पाहुणा न चुकता म्हणायचा, "काय घडण आहे! अजून नवीच वाटते."

"खुर्ची आहे ती," सिसेल म्हणायची. "बुड टेकायला असते."

मग तिचा नवरा आस्गर असा बघायचा, जणू ती चर्चमध्ये थुंकली.

तर रिग्मोरनं घरातच डोळे मिटले. तिची काळजी घ्यायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "खिडकी उघडा."

आमच्याकडे माणूस गेलं की आधी खिडकी उघडतात. जिवाला बाहेर जायला वाट हवी. देव न मानणारेही हे करतात.

सिसेलनं कडीला हात घातला.

"थांब," आस्गर म्हणाला. "बाहेर धुकं आहे. लाकूड फुगेल."

"अरे, तुझी आई गेलीय."

"दिसतंय मला. पण आईलाही हे चाललं नसतं."

नर्सबाईंनी पिशवी उचलली. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, लाकूड फुगेल याचं होतं. कपाळ असल्या लेकाचं!

आस्गरनं सगळ्या खुर्च्या घरी आणल्या, रजईत गुंडाळून. रिग्मोरची लाडकी खुर्ची दिव्याखाली ठेवली. तिच्यावर कुणी बसायचं नाही.

काही दिवस गेले. एका दुपारी सिसेल एकटीच घरी होती, कॉफी करत होती.

आणि...

कर्र.

कागदी दोरीवर कुणी बसलं की असाच आवाज येतो.

ती बाहेर आली. खुर्ची रिकामी होती. पण बैठक मधोमध दबलेली... आणि तिच्या डोळ्यांदेखत ती आणखी थोडी दबली.

मग रोजच दुपारी कर्र. त्यामागून साबणाचा वास... आणि लाकडावर ओलं फडकं फिरल्याचा आवाज.

फडकं कुठेच नव्हतं.

सिसेल भ्यायली. पण भीतीपेक्षा तिला दया आली. म्हातारीला आपण वाटच दिली नाही, ती अडकलीय, हा विचार तिला जेवू देईना. आस्गरला सांगितलं तर तो म्हणाला, "हवा कोरडी झाली की दोरी वाजते."

शेवटी एका रविवारी तिनं दिव्याजवळची मोठी खिडकी सताड उघडली. पाऊस आत आला.

"जा, रिग्मोर," ती म्हणाली. "चुकलो आम्ही. आता जा."

कर्र... बैठक वर आली.

पावलं वाजली. हळू, म्हातारी. खुर्चीपासून खिडकीपर्यंत.

सिसेलला रडू फुटलं. सुटली एकदाची.

मग...

खिडकी बंद झाली.

कुणी आपटली नाही. जपून, आतून लावली. कडी फिरली.

पावलं परत आली.

कर्र.

आस्गर दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. पण घाबरेल तर तो आस्गर कसला? खुर्चीच्या हातावर पडलेलं पाणी त्यानं बाहीनं टिपलं आणि म्हणाला, "सांगितलं होतं ना, आईला चालत नाही?"

सिसेल त्याच संध्याकाळी माझ्याकडे राहायला आली, ती अजून इथेच आहे. मेल्यावरसुद्धा स्वर्ग सोडून खुर्ची धरणारी सासू तिला झेपत नाही. मलाही झेपली नसती.

परवा तिचे कपडे आणायला मी आस्गरकडे गेले. तो कॉफीचा कप हातात धरून उभ्यानंच पीत होता. टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"बस की," मी हसून म्हटलं. "का, खुर्च्या झिजतील?"

त्यानं खुर्च्यांवरून नजर फिरवली. एकेक करून, ओळखीची माणसं बघावीत तशी.

"जागा कुठेय?" तो म्हणाला.

कपडे मी तिथेच टाकून आले.