खिंडीपलीकडची मेणबत्ती

"गावच्या देवळाची घंटा झाली की आधी मरियामातेचं नाव घे, मग पायांची विचारपूस कर. बिचारे स्वतःहून काही सांगत नाहीत," आई म्हणायची. अपघातात माझे पाय बधिर झाले, तेव्हापासून दर हिवाळ्यात ती माझ्यासाठी खिंडीपलीकडच्या मरियामातेच्या देवळात मेणबत्ती लावून यायची. आता ती नाही. यंदा मेणबत्ती मी नेणार होते. कुणाच्या पाठीवर बसून नाही, माझ्या बैठ्या स्कीवरून! सोबतीला माझी एका पायाची मैत्रीण आफ्रा.

खिंड ओलांडली आणि धुकं उतरलं. गवत साठवायच्या एका लाकडी खोपटात आम्ही कशाबशा शिरलो. वर कुठेतरी गडगडलं. धडाड! दार कोसळलेल्या बर्फाने बुजलं. मिट्ट काळोख!

आफ्राने विजेरी लावली. "झालं! आता दोघींत मिळून चालता पाय एकच, तोही माझा."

"आणि खांदे माझे," म्हणत मी एक फळी उचलली आणि खणायला लागले.

उपसलेला बर्फ माझ्या मांडीवर, पायांवर पडत होता. श्वास जड झाला. भिंती जवळ सरकताहेत असं वाटू लागलं. मनातला मरियामातेचा जप थांबला नाही, हातही थांबले नाहीत.

"बुर्गे, पाय बघितलेस?"

विसरलेच! इथे घंटा ऐकू येणार कुठून! बूट काढले. मोजे ओलेचिंब, बोटं मेणासारखी पांढरी.

"राहू दे. आधी बाहेर पडू. नाहीतरी चालत नाहीत ते."

"चालत नाहीत म्हणून तुझे नाहीत का? माझा कापला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आण इकडे!" तिने स्वेटर वर करून माझे पाय पोटाशी धरले आणि किंचाळली, "आई गं! यापेक्षा मासळी बरी!"

हसता हसता मला रडू फुटलं. बोटांवर हळूहळू लाली चढेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो. मग कोरडे मोजे, आणि पुन्हा खणणं. आळीपाळीने. हात आरपार गेला! वारा! उजेड!

धुकं विरलं होतं. खाली, एकाच उताराच्या अंतरावर देऊळ दिसत होतं. पण पाय पुन्हा गोठले असते. मी स्कीचं तोंड जवळच्या वस्तीकडे वळवलं.

"माते, पाय बरे झाले की येते. शब्द देते."

काही आठवड्यांनी पायांवरच्या जखमपट्ट्या सुटल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले. कास्पर, माझा भाऊ, मला उचलायला सवयीने पुढे झाला. मग त्याने हात मागे घेतले. मी स्कीचा कमरेचा पट्टा आवळला, मेणबत्ती कोटात सरकवली आणि आफ्राच्या घराकडे निघाले.