कोरफडीची तीन फुलं

पेटी रिकामी होती.

इन्स्पेक्टर गोआगोसेबने दोनदा आत पाहिलं. निवृत्तीला दोन महिने उरलेले, गुडघे कुरकुरताहेत, आणि सकाळी आठलाच हा व्याप. विंडहूक शहराचं जुनं निशाण काल संध्याकाळपर्यंत नगरभवनातल्या याच पेटीत होतं. त्यावर शहराची मुद्रा हातानं भरलेली: कोरफडीचं रोप, तीन लाल फुलं, खाली लॅटिन बोधवाक्य. आज दुपारी ते जर्मनीच्या पाहुण्यांना भेट द्यायचं होतं.

"चोर समोरच उभाय," समारंभ अधिकारी म्हणाला. "या खोलीची किल्ली झाडूवालीकडेच असायची, आता मी काढून घेतलीय. दुपारपर्यंत निशाण आलं नाही तर हिला घरी बसवतो."

झाडूवाली न्दाहाफा चिंध्यांच्या टोपलीपाशी अंग चोरून उभी होती. तिच्या एकटीच्या कमाईवर घर चालायचं.

"काल खोली कोणासाठी उघडलीस?"

"फक्त ओमा हेंगारींसाठी, त्या शिवणवाल्या आजींसाठी. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच भरलंय ते. शेवटची एकदा इस्त्री फिरवते म्हणाल्या."

"तू सोबत होतीस?"

"त्यांनी पाणी मागितलं, ते आणायला गेले तेवढंच. पण साहेब, बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. त्या म्हातारीवर आळ घेऊ नका."

गोआगोसेबने टोपली उपसली. जुने पडदे, फाटके टॉवेल आणि तळाशी एक पांढराशुभ्र परकर. झालरीचा, खळ घालून कडक केलेला.

"हा तुझा?"

"असल्या परकरानं मी फरशी पुसेन का, साहेब?"

फाटकावर पहारेकरी शिलोंगो पाव खात बसला होता.

"ओमा कशा आल्या काल?"

"हेरेरो जमातीची बाई ती. पायघोळ झगा, आत चार-पाच परकर, वरच्याला खळ. येताना नुसती सळसळ. दिसायच्या आधी ऐकू येतात."

"आणि जाताना?"

शिलोंगो घास चावायचा थांबला. "जाताना कळलंच नाही. मान वर केली तर मांजराच्या पावलानं रस्त्याला लागलेल्या."

गोआगोसेबने सुस्कारा सोडला. कोडं सुटलं होतं, पण त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

कातुतुरा वस्तीतल्या घरात ओमा शिंगांसारखा फेटा बांधून शिलाई यंत्रापाशी बसल्या होत्या. तो न विचारताच खुर्चीत टेकला.

"ओमा, चुकलो तर थांबवा. पाणी मागून तुम्ही न्दाहाफाला बाहेर धाडलंत. वरचा परकर काढून चिंध्यांत कोंबलात. त्याच्या जागी निशाण कमरेला गुंडाळलंत, वरून झगा. खळीचं कापड वाजतं, निशाणाचं मऊ कापड वाजत नाही. पण का, ते काही उमगेना."

"थांबवण्यासारखं काही बोलला नाहीस, बाबा." ओमा म्हणाल्या. "त्या फुलांचा दोरा ठाऊक आहे कुठला? माझ्या आजीच्या झग्यातून उसवलेला. ती सहा वर्षांची होती, तेव्हा जर्मन शिपायांनी आमची हेरेरो माणसं वाळवंटात हाकलली. आईबाप तिथंच राहिले, ही एकटी परतली. आता पेटीत घालून तिला त्यांच्याच घरी धाडायचं? मला कोणी विचारलं तरी का?"

"न्दाहाफाची नोकरी जातेय," तो म्हणाला.

ओमांचा चेहरा पडला. "त्या पोरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलंच माझं. लिही माझा जबाब." त्यांनी मांडीवरची निशाणाची घडी पुढे केली. "रोप घेऊन जा. फुलं देणार नाही."

दुपारी अधिकाऱ्याने निशाण उलगडलं आणि तो पांढराफटक पडला. कोरफडीवर नुसती सुयांची भोकं होती.

"फुलं कुठायत?"

गोआगोसेबने खालच्या बोधवाक्यावर बोट ठेवलं. त्याचा एकही टाका उसवलेला नव्हता. "याचा अर्थ काय हो?"

"ज्याचं त्याला," अधिकारी सवयीनं म्हणाला आणि त्याची नजर पुन्हा भोकांवर गेली.

"हा ओमांचा जबाब. पाहुण्यांना द्यायच्या आधी वाचा," गोआगोसेब म्हणाला. "आणि न्दाहाफाला तिची किल्ली परत द्या."