चाळिसावं लायसन्स

दिवा राहू दे बारीक. ऐकीव नाही सांगत, पोरांनो. ज्याच्यावर ही वेळ आली तो ऑफिसात माझ्या समोरच बसायचा. स्वतःला एक सरळ रेघ ओढता येत नव्हती, आणि आम्हा नकाशे काढणाऱ्यांचा साहेब! आम्ही त्याला चाळणी म्हणायचो.

त्याचं काम साधं होतं. आमचं नकाशांचं सॉफ्टवेअर माणशी एका लायसन्सवर चालायचं. जो वापरत नाही तो चाळून शोधायचा आणि त्याचं काढून घ्यायचं. चाळीस सापडली तर मोठ्या साहेबांची खुर्ची आपलीच, असं चाळणीने घरी बायकोला सांगूनही टाकलं होतं. ज्याचं काढायचं त्याला आधी एक फोन करावा, एवढी माणुसकी कोणीही दाखवेल. पण हा शहाणा म्हणायचा, "फोन केला की रडगाणी ऐकावी लागतात."

मार्चची एकोणीस तारीख, बुधवार. सकाळी नऊला यादी द्यायची, आणि गाडी एकोणचाळीसवर अडलेली. तिसऱ्या मजल्यावर हा एकटाच. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी यादीत एका नावापुढे हिरवा ठिपका लागला, म्हणजे सॉफ्टवेअर आत्ता कोणीतरी वापरतंय. नाव बुवांचं, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाचं. चाळणीने मागच्या नोंदी उघडल्या. चार महिने, रोज रात्री एक दहाला, फक्त अकरा मिनिटं.

"अकरा मिनिटं? याला काय वापरणं म्हणतात?" तो एकटाच हसला. "घरी बसून खेळतोय म्हातारा!"

आणि बुवांचं लायसन्स काढून घेतलं. ठिपका विझला. चाळीस झाली. खुशीत येऊन त्याने खाली पहारेकऱ्याला फोन लावला. "उद्या तो बुवा बोंबलत आला तर वर सोडू नकोस."



"साहेब... बुवांना जाऊन चार महिने झाले."

"कुठे जाऊन?"

"वारले, साहेब. सगळं ऑफिस अंत्ययात्रेला गेलं होतं तेव्हा. लेकीच्या घराचा नकाशा काढत होते... अर्धाच राहिला बिचाऱ्यांचा."

हाताखालचा माणूस मेला, आणि या गृहस्थाला पत्ता नाही! अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं.

चाळणीने फोन ठेवला. बुवांच्या टेबलाकडे पाहिलं. मशीन बंद. वर प्लास्टिकचं कव्हर.

मग कोपऱ्यात घरघर झाली. मोठे नकाशे छापणारा प्लॉटर तो... आपोआप सुरू झाला होता.

कागद बाहेर येऊ लागला. हळू. एक रेघ... आणखी एक...

थांबला.

चाळणी कागदाजवळ गेलाच नाही. जिना, फाटक, रस्ता... धूम पळाला. हे सगळं पुढे त्यानेच मला फोनवर सांगितलं. पुन्हा ऑफिसात आला नाही. जेवणाचा डबासुद्धा न्यायला आला नाही.

सकाळी साडेआठला सगळ्यात आधी मी पोचलो. कागद मीच उचलला. सुंदर घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडक्या, पायऱ्या, सगळं मापात. हात बुवांचाच, शंकाच नको. दार तेवढं कुठेच नव्हतं. तेवढंच काढायचं राहिलं असणार. 

खाली कोपऱ्यात दोन चौकटी असतात. 'काढणार' मध्ये बुवांचं नाव छापलेलं. 'तपासणार' मध्ये सही... चाळणीची. माझे रजेचे अर्ज त्याच सहीने नामंजूर व्हायचे, मी ओळखणार नाही?

निळ्या पेनाची होती. मी वरून अंगठा फिरवला...

शाई अजून ओली होती.