पूजेतलं यंत्र

माझ्या साडूंचा नागेंद्र तुम्ही पाहिलाय. केमिकल इंजिनिअर, पण घर रंगाऱ्यांचं. आजोबांनी जन्मभर पाण्यात रंग कालवला आणि नातू तोच रंग पाण्यातून काढायला शिकला, असं आम्ही त्याला चिडवायचो. आता चिडवत नाही.

मागच्या खंडेनवमीची रात्र. साडेअकरा वाजले असतील. तो सांडपाण्याचं बघतो त्या कडकोळ गावच्या कारखान्यातून फोन आला, सांडपाण्याचा पंप अडकलाय, खड्डा भरत चाललाय. नागेंद्र स्कूटर काढून निघाला. पूजा आटोपून सगळे घरी गेलेले. राखणीला एकटे कृष्णाजीमामा, तिथले जुने ऑपरेटर. पूजेतली शेवंतीची माळ धुण्याच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन पंपात गुंतली होती.

"मामा, आधी गॅस मोजू. यंत्र कुठाय?"

"पूजेला मांडलंय की. बेड अप्पा, नको, उद्या पुन्हा पूजा झाल्यावरच उचलायचं असतं. दोन मिनिटांचं तर काम."

न मोजता कुणाला खाली सोडायचं नाही, हे नागेंद्र स्वतःच सगळ्यांना शिकवायचा. पण सणाची रात्र, वडीलधारा माणूस... त्याने मामांचं ऐकलं. मामांच्या कमरेला दोर बांधला. त्यांची रीत ठरलेली. वरच्याने विचारायचं, "इदीरा?" म्हणजे, आहात का? खालच्याने म्हणायचं, "इदीनी." आहे.

मामा उतरले.

"इदीरा?"

"इदीनी. सडक्या अंड्यांसारखा वास मारतोय रे."

थोड्या वेळाने पुन्हा.

"इदीरा?"

"इदीनी. वास गेला बघ. बरं झालं."

नागेंद्रने दोर घट्ट धरला. तो वास जात नसतो, पोरांनो. वायू वाढला की माणसाचं नाकच मरतं.

त्याने दोर ओढला. सगळं वजन दोरावर. हाक मारली... उत्तर नाही. तळहात सोलले. देवाला शिव्या दिल्या. मग त्याच देवाचे पाय धरले. ओढत राहिला.

मामा वर आले. श्वास नव्हता. छाती दाबली. तोंडात फुंकर घातली. पुन्हा दाबली. शेवटी डोकं मांडीवर घेऊन तो लहान पोरासारखा रडू लागला.

"मामा... इदीरा?"

मामांचे ओठ हलले नाहीत.

उत्तर खड्ड्यातून आलं.

"इदीनी."

मग... खाली काहीतरी ओढल्याचा आवाज. बंद पडलेला पंप सुरू झाला.

सकाळी पोलीस आले तेव्हा खड्ड्यातलं पाणी सगळं उपसलेलं होतं. रात्रीतून दुसरं कुणी त्यात उतरलं नव्हतं. काठावर पंपात गुंतलेली तीच शेवंतीची माळ होती. ओली. नीट गुंडाळून ठेवलेली.