कुमक

खोकं उघडलं आणि आत दातांऐवजी माणसं निघाली.

तेरा माणसं आणि चार खेचरं. धातूची, बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगाला रंगाचा थेंब नाही. एकाच्या कमरेला तलवार, बाकीच्यांच्या खांद्यावर बंदुका. ती हातातली कात्री तशीच धरून बघत राहिली. तिला हवे होते अठ्ठावीस दात, वरचे चौदा आणि खालचे चौदा. एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी त्यांच्यावाचून अडली होती आणि मुख्याध्यापक आठवडाभर पातळ खाऊन सगळ्या घरावर चिडचिड करत होते.

खोक्यावर भलत्याच माणसाचा नंबर होता. तिने फोन लावला.

“हॅलो... तुमची माणसं माझ्याकडे आली आहेत.”

पलीकडून एक सावध आवाज — “किती?”

“तेरा. आणि चार खेचरं.”

“सुखरूप आहेत?”

“एकाची बंदूक जरा वाकली आहे.”

“म्हणजे हे दात तुमचे,” तो आवाज म्हणाला. “मघापासून बघतोय... माझ्याकडे बघून हसताहेत सारखे.”

ती हसली. आणि हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण त्या कामाच्या खोलीत आपल्या हसण्याचा आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे येत. ती त्यांत प्लास्टर ओती, मेणात दात बसवी, हिरड्यांचा गुलाबी रंग जमवी. माणूस कधी येत नसे, नुसता जबडा येई. अर्ध्या शहरातली म्हातारी माणसं तिच्या हातचे दात लावून बोलत होती, हसत होती, सुनांशी भांडत होती. तिच्याशी मात्र कोणी बोलत नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी गेल्यावर ती आधी रेडिओ लावी, मग चपला काढी. एकटीपुरता स्वयंपाक तिला अजून साधला नव्हता.

शनिवारी दुपारी ती खोकं घेऊन त्याच्याकडे गेली. दोन गल्ल्या सोडूनच तर राहत होता. जमिनी मोजणाऱ्या खात्यात मोजणीदार. उंच, जरासा वाकलेला, चष्मा कपाळावर ढकलून सगळ्या घरात तोच शोधणारा. दार उघडून तो बाजूला झाला, आणि आत पाऊल टाकावं तर समोर डोंगर!

खोलीभर टेबल होतं. टेबलावर प्लास्टरचे दोन डोंगर, मधे खिंड, खिंडीतून कोरड्या ओढ्याच्या कडेने जाणारी वाट, स्पंजची झुडपं. डोंगरावर दगडांआड चौदा माणसं बसली होती, तीही बिनरंगाची.

“हे काय आहे?”

“चकमक,” तो म्हणाला. “सव्वाशे वर्षांपूर्वीची, सरहद्दीवरची. गोऱ्या साहेबाची पलटण रसद घेऊन निघाली आहे. खिंडीतून पार झाली की जिंकली. डोंगरातले टोळीवाले तिला जाऊ देत नाहीत.”

“का जाऊ द्यावं? खिंड त्यांचीच ना?”

तो तिच्याकडे बघत राहिला. “इतकी वर्षं खेळतोय... हे मला कोणी विचारलं नव्हतं.”

“कोणाबरोबर खेळता?”

“दादाबरोबर खेळायचो. हे सगळं त्याचंच, फक्त माणसं नवी मागवली, जुनी मोडून गेली. तो परदेशी गेला, तिकडचाच झाला. आता... मीच. पलटणीची चाल खेळतो, मग टेबलाला वळसा घालून तिकडे जातो आणि टोळीवाल्यांची खेळतो.”

“मग ते लपतात कशाला? तुम्हाला तर माहीतच असणार, कोण कुठे आहे ते.”

“तीच तर अडचण,” तो हळूच म्हणाला. “एकट्याला दबा धरता येत नाही. सगळं ठाऊक असतं... तरी पलटण खिंडीत न्यावीच लागते.”

हे त्याने हसत सांगितलं. पण तिला एकदम तो माणूस दिसला, टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला जाणारा, पुन्हा या बाजूला येणारा. दात घेऊन निघायचं सोडून ती खुर्चीत बसली आणि पिशवीतल्या बारीक पकडीने तिने ती वाकलेली बंदूक सरळ करून दिली.

“अरे वा,” तो म्हणाला. “आमच्या पलटणीत येता का?”

“छे! मी टोळीवाल्यांकडून.”

असा तो करार झाला. रंगकाम तिचं, डोंगर त्याचे, आणि सगळी माणसं रंगून झाली की लढाई. पुढच्या शनिवारी ती आपले कुंचले आणि रंग घेऊन आली. पहिलाच साहेब रंगवला आणि ती ओरडली, “अगं बाई! याच्या तोंडाला हिरड्यांचा रंग लागला!”

त्याने भिंग लावून बघितलं. “राहू द्या, पुसू नका. उन्हात भाजलेला साहेब असाच दिसत असणार.”

“आणि कपडे?”

“मूळचे पांढरे. पण डोंगरात पांढरं लांबून दिसतं, म्हणून शिपाई ते चहात उकळून काढायचे.”

“पांढऱ्यावर चहाचा डाग?” ती म्हणाली. “तो रंग मला झोपेतसुद्धा जमतो. रोजचं गिऱ्हाईक आहे ते.”

तो इतका हसला की कपाळावरचा चष्मा खाली नाकावर आला. ती मान खाली घालून कुंचला धूत राहिली. कुंचला स्वच्छच होता.

त्यानंतर शनिवार म्हणजे तिकडेच. ती गेली की तो दार उघडून आधी एकच शब्द म्हणे, “कुमक!” म्हणजे पलटणीच्या मदतीला आणखी माणसं आली, नवं खोकं आलं. कधी दहा शिपाई, कधी टोळीवाले, एकदा तर नुसती खेचरंच. ती म्हणे, “किती लांबणार तुमची ही लढाई?” तो म्हणे, “सरहद्दीचं काम आहे बाई, सांगता येत नाही.” तोंडाने ती कुरकुर करी आणि मनात बरं वाटून घेई. शिवाय ती स्वतःही काही घाई करत नव्हती. एकेका खेचराला ती पापण्या काढत होती. टेबलावर दोघं समोरासमोर वाकलेली असत, कधी कपाळं टेकता टेकता राहत, आणि मग दोघंही उगीच डोंगराकडे बघत.

तिची मावशी फोनवर पक्की चौकस. “शनिवारची कुठे असतेस ग?”

“लढाईवर.”

“कसल्या?”

“एकांकडे रंगकाम करते, मावशी.”

“एकांकडे म्हणजे? बायकोबियको आहे का त्यांना?”

“खेचरं आहेत.”

“दुसऱ्यांचे दात करता करता तुझे पडायचे एक दिवस,” मावशीने फोन ठेवता ठेवता सुनावलं. नेहमीचंच बोलणं, पण या खेपेला ते तिच्या मनातून जाईना.

सातव्या शनिवारी त्याने दार उघडलं आणि कुमक म्हटलं नाही.

“बदली झाली,” तो म्हणाला. “पार राज्याच्या तिकडच्या टोकाला. दोन वर्षं तरी... येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी निघायचं.”

“आणि हे?” तिने टेबलाकडे बोट केलं. दुसरं काही विचारायचं धैर्य तिला झालं नाही.

“एका शाळेला देतोय. पुढच्या शनिवारी लढाई खेळून टाकू. एकदा तरी... समोर कुणीतरी असताना.”

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. एका आजोबांच्या कवळीत तिने उजवीकडचे दात डावीकडे बसवले आणि सगळं मेण खरवडून काढावं लागलं. टेबल गेलं की त्या घरी जायला आपल्याकडे निमित्त उरणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि निमित्ताशिवाय जायचं तर काय म्हणून जायचं? ते एक वाक्य तिला बोलायला हवं होतं. ती ते आरशासमोर बोलून बघे आणि लाजून रेडिओ मोठा करी.

शनिवार आला. “तुमची माणसं तुम्ही लपवा,” तो म्हणाला. “मी चहा टाकतो. तोवर बघणार नाही, शपथ.” तो स्वयंपाकघरात गेला.

नियम नीट बघावे म्हणून तिने दादाची जुनी वही उघडली. पहिल्याच पानावर चकमकीची यादी होती. पलटण: एक साहेब, बारा शिपाई, चार खेचरं. टोळी: चौदा माणसं. खाली दादाने ठळक लिहिलं होतं, ‘एवढीच. जास्त झाली तर खिंडीत मावत नाहीत.’

तिने टेबलाकडे बघितलं. तिने रंगवलेली एकसष्ट माणसं होती आणि अकरा खेचरं.

म्हणजे पहिलं खोकं आलं त्याच दिवशी सगळी माणसं पुरी झाली होती. पुढची कुमक पलटणीला नकोच होती...

आत भांड्याचा आवाज झाला. डोंगरावरून, दगडांआडून, झुडपांमागून तिने आपली सगळी माणसं उचलली आणि भर वाटेवर, ऐन उघड्यावर ओळीने उभी केली.

तो कप घेऊन आला आणि थबकला.

“हे काय? एका फैरीत संपतील सगळे.”

“संपू देत.”

“अहो, पण दबा...”

“नाही धरायचा आता,” ती म्हणाली. “कंटाळा आला मला लपून राहायचा. मला लढाईतलं काही कळत नाही. मी रंगवायलाही येत नव्हते. मी तुमच्यासाठी येत होते... दर शनिवारी. आणि टेबल नसलं तरी मला यायचं आहे.”

त्याने कप ठेवायला जागा शोधली. टेबलावर कुठे जागाच नव्हती, तेव्हा दोन्ही कप हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्याची नजर उघड्या वहीवर गेली आणि त्याचे कान लाल झाले.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“एवढी माणसं मावत नाहीत, हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पण माणसं संपली असती तर तू कशाला आली असतीस?” आपण ‘तू’ म्हणून गेलो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.



“मला जावंच लागेल गं,” तो म्हणाला. “आणि तिकडे ये म्हणायची छाती होत नाही. गाव लहान. तुझं काम तिथे कसं चालायचं?”

“दात काय, सगळीकडेच पडतात.”

तो हसायला लागला. चहा बशीत सांडला, बशीतून पलटणीवर सांडला, आणि तिने त्याच्या हातातले कप काढून खिडकीत ठेवले.

“लगेच नाही पण जमणार,” ती म्हणाली. “पंधरा कवळ्या हातात आहेत. लोकांना जेवायचं असतं. महिना तरी जाईल.”

“महिना!” त्याचा चेहरा उतरला. “तोवर मी एकटा काय करू?”

“आजवर काय करत होतास?”

“तेच,” तो म्हणाला. “पण आता नाही जमायचं मला.”

तिने त्याचा हात धरला. तो चहाने ओला होता आणि गार पडत चालला होता. तिने तो दोन्ही हातांत घेतला, आणि महिना म्हणजे किती दिवस ते दोघं मोजायला लागली.