खडखड्या का गप्प झाला?

"पोरी, या डब्याचं तिकीट काढलंयस का?" कंडक्टरनं विचारलं, तशी सोनियानं मांडीवरचा डबा आणखी घट्ट धरला.

"डबा नाही तो, यंत्रमानव आहे," इंद्रजित शेजारून म्हणाला. "आणि वय बाराच्या आत आहे. अर्धं तिकीट बसेल."

सातारा-सांगली एसटीतली दोन-चार माणसं हसली, कंडक्टरही हसला. सोनिया मात्र हसली नाही. गाडी खड्ड्यात आदळली की ती डबा मांडीवरून अधांतरी उचलून धरत होती, आणि सांगलीपर्यंत खड्ड्यांना काही तोटा नव्हता.

तो होता गोडेतेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यावर उपडं पातेलं, डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल दिवे, तोंड म्हणून कापलेली एक फट आणि खाली खेळण्यातल्या ट्रकची चाकं. 'ध्रुवपार' ही टीव्हीवरची अंतराळ-मालिका सोनिया, इंद्रजित आणि आर्जव या तिघांना तोंडपाठ होती. त्या मालिकेतल्या यानावर खडखड्या नावाचा यंत्रमानव असतो. कप्तानानं काहीही सांगितलं की तो "हुकूम, कप्तान" म्हणतो आणि हमखास उलट्या दिशेला चालू लागतो. सांगलीत रविवारी 'ध्रुवपार'च्या चाहत्यांचा मेळावा भरणार होता, सोमवारी दसऱ्याची सुट्टी होती, आणि मेळाव्यात मुलांनी आपापली यंत्रं रंगमंचावर दाखवायची होती.

पण हा खडखड्या तिघांचा नव्हताच. तो वीरधवलचा होता.

वीरधवल त्यांच्याच वर्गातला. उन्हाळ्यात पाटणजवळ मामाच्या गावी चारा कापायच्या कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात सापडला आणि तीन बोटं गेली. आधी हा पोरगा शाळेची घंटासुद्धा दुरुस्त करायचा. नंतर मात्र भिंतीकडे तोंड करून बसू लागला. सोनिया रोज जायची, रोज बोलणी खायची, तरी जायची. शेवटी तिनं तेलाचा डबा त्याच्यापुढं आदळला आणि म्हणाली, याचा खडखड्या तू नाही केलास तर मी करते, आणि मी केला तर नक्की आग लागेल. तेव्हा कुठं त्यानं डाव्या हातात तारा जोडायची सोल्डरची कांडी धरली. हात थरथरायचा, कथिलाचा थेंब भलतीकडेच पडायचा, चटके बसायचे. सगळा पावसाळा त्यात गेला. आता तो दुसऱ्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या दवाखान्यात होता. जाताना त्यानं डबा सोनियाच्या हवाली केला आणि एवढंच बोलला, "ह्यो चालला, तर मी फुडं शिकंन. न्हाई चालला, तर भंगारात घाला. मग मला कुणी सांगाय येऊ नका."

सोनियाच्या मांडीवर डबा होता तो असा.

रात्री तिघं आर्जवच्या भाग्यश्री आत्याकडे उतरली. तिथं डबा एकदा चालवून पाहिला. त्याचे डोळे पेटले, तो "हुकूम, कप्तान" म्हणाला, उलटा चालला आणि आत्याच्या पायावर जाऊन आपटला. आत्या ओरडली आणि सोनियाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात पोचल्यावर एका खोलीत सगळ्यांची यंत्रं ठेवून घेतली गेली. मेळाव्याचे प्रमुख होते अमृतकाका. मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा गडगडाटी आवाजाचा माणूस, छातीवर 'ध्रुवपार'चा बिल्ला. "ठेवा आणि खुशाल नाश्ता करून या. माझ्या घरचं समजून सांभाळतो," असं त्यांनी सांगितलं. मुलं नाश्त्याला गेली. परत आली तोवर काकांचं भाषण सुरू होतं. विज्ञानाच्या चाहत्यांनी गाडीला लिंबू-मिरची बांधणं शोभत नाही, असं ते ठणकावून सांगत होते आणि टाळ्या पडत होत्या.

खडखड्याची पाळी आली. तो आधीच प्रेक्षकांकडे तोंड करून मांडून ठेवला होता. आर्जवनं आत्यानं दिलेल्या मोबाइलवर वीरधवलला व्हिडिओ कॉल लावला. त्याची आई, मंगलकाकू, पलीकडे फोन धरून होती. वीरधवल उशीला टेकून बसला होता. त्यानं केस विंचरले होते, हे सोनियाला लांबूनही दिसलं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि मागूनच बटण दाबलं.

डोळे पेटले. "हु..." एवढा आवाज आला. मग काहीतरी चरचरलं, डोळे विझले आणि तोंडाच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर आली. सभागृह हसलं. लोक वाईट नव्हते, पण धूर सोडणारा डबा पाहिला की माणूस हसतोच. तेवढ्यात अमृतकाका माइकवर बोलून गेले, "जोडणी कच्ची राहिलीय पोरांची. होतं असं. चला, पुढचा नंबर."

सोनियानं वळून मोबाइलकडे पाहिलं. वीरधवलनं ते शब्द ऐकले होते. त्यानं डावा हात पुढं केला आणि पडदा काळा झाला.

डबा रंगमंचावरच टाकून तिघं मागच्या बोळात येऊन बसली; तो बऱ्याच वेळानं कुणीतरी आणून दिला. इंद्रजितनं पुन्हा पुन्हा फोन लावला. शेवटी मंगलकाकूंनी उचलला. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, डबा भंगारात घाला म्हणतोय, असं त्या सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांनाच रडू आलं. इंद्रजितनं मोबाइल आर्जवच्या हातात देऊन टाकला.

सोनियाला रडूही येईना. तिला तो थरथरता हात आठवत होता, भलतीकडे पडणारे थेंब आठवत होते. खरंच जोड कच्चा राहिला असेल तर? हा विचार तिला नको होता, तरी तो येऊन बसला. आपणच त्याला आशा लावली, आपणच हा डबा चारचौघांत आणला, आणि आता तो आपल्याशी कधी बोलणार नाही, असं तिला वाटलं. तिला मेळावा नको होता, मालिका नको होती, काहीच नको होतं.

"हे बघ, वर मुंग्या पण लागल्या," इंद्रजित वैतागून म्हणाला आणि रुमालानं डबा झटकायला गेला.

आर्जवनं त्याचा हात धरला. "थांब रं. मरतील त्या."

"इथं आपण मरायला टेकलोय, आणि तुला मुंग्यांची पडलीय."

पण आर्जव ऐकणारा नव्हता. त्याच्या घरी पाणीसुद्धा गाळून पितात आणि पायाखाली किडा आला तर पाय उचलून बाजूला ठेवतात. तो डब्यापुढं उकिडवा बसला आणि हलकेच फुंकर घालत एकेक मुंगी बाजूला करू लागला. पण जितक्या तो बाजूला करी, तितक्या नव्या येत. कुठून येतात हे पाहायला तो वाकला. मुंग्यांची रांग सरळ तोंडाच्या फटीत जात होती.

"सोने, मुंग्या धुराच्या वासानं येत नाहीत," तो हळू म्हणाला. "गोडाला येतात."

सोनियानं फटीवर बोट फिरवलं. बोट चिकटलं. इंद्रजितनं लगेच त्या खोलीत शेजारी यंत्र ठेवलेल्या कॉलेजच्या पोरांवर आळ घेतला, सरबत ओतलं असणार म्हणाला. पण फटीच्या कडेला, पत्रा दुमडला होता तिथं, लाल काहीतरी अडकलं होतं. सोनियानं ते नखानं काढलं. कुंकू होतं.

"सरबतात कुंकू घालत नाहीत," ती म्हणाली.

तिघं उठली. मागच्या अंगणात जनरेटर होता. त्यावर हळदी-कुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. पाण्याच्या मोटारीवरही तसंच. आत येऊन पाहिलं तर प्रोजेक्टरला गंध, आवाजाच्या यंत्राला गंध, कोपऱ्यातल्या इस्त्रीलासुद्धा गंध. आज खंडेनवमी. या दिवशी लोक हत्यारं-अवजारं पुजतात, हे त्या धामधुमीत तिघं विसरूनच गेली होती. कार्यालयाचा राखणदार तात्याबा पायरीवर बसला होता. पूजा कुणी केली म्हणून विचारलं, तर तो कौतुकानं म्हणाला, "आवं, अमृतशेटनीच की. गेली कैक वर्सं तेंचाच मान हाय. दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत."

सोनिया परत खडखड्याजवळ आली. पातेल्याच्या कपाळावर तेवढाच एक गोल चकचकीत दिसत होता. बाकी सगळीकडे प्रवासाची धूळ होती.

"सगळ्या यंत्रांना गंध आहे आणि आपल्यालाच नाही," ती म्हणाली. "लावलं होतं. नंतर कुणीतरी पुसलंय. आणि पूजेत नारळ फोडला असणार, त्याचंच हे गोड पाणी."

आता विचारायचं कसं? सरळ विचारलं तर काका कानांवर हात ठेवणार. सकाळीच लिंबू-मिरचीवर भाषण ठोकलेला माणूस यंत्रावर नारळ फोडल्याचं सगळ्यांसमोर कसं कबूल करील? इंद्रजितनं थोडा विचार केला आणि त्याचे डोळे चमकले. "मी विचारतच नाही. मी नुसता रुसतो," तो म्हणाला.

चहाच्या वेळी काका मंडळींत उभे होते. भाग्यश्री आत्याही मुलांना न्यायला येऊन पोचली होती. इंद्रजित तिथं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, आम्ही साताऱ्याचे, परके, म्हणून असं केलंत ना? सगळ्या यंत्रांची पूजा झाली. इस्त्रीची पण केलीत. तेवढी आमच्याच खडखड्याची राहिली. म्हणूनच जळला तो."

अमृतकाकांचा चेहरा लालबुंद झाला. पाहुण्याला मानातून वगळल्याचा आरोप कुठला सांगलीकर सहन करील? "कोण म्हणतं राहिली?" ते गरजले. "सगळ्यात आधी त्याची केली! नारळ त्याच्यापुढं फोडला, पाणी माझ्या हातानं..."

आणि ते थांबले. हातातली बशी कलली आणि चहा सांडला.

"पाणी तोंडात गेलं, काका," सोनिया म्हणाली. "मागं बॅटरी जोडलेली होती."

काका खुर्चीत बसले. धूर पाहताच लक्षात आलं होतं, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. डबा रंगमंचावरून उतरवल्यावर गुपचूप गंध पुसलं. आणि ते कच्च्या जोडणीचं? ते आपसूक तोंडातून गेलं. दुकानात कुठलंही यंत्र आलं की ते आधी तेच म्हणत.

तिथंच डबा उघडला. दुकानातून आणलेली सर्किटची तयार पट्टी काळीठिक्कर पडली होती आणि तिच्यावर चिकट पाणी साचलं होतं. पण वीरधवलनं लावलेले सोल्डरचे ओबडधोबड थेंब जागच्या जागी होते. अमृतकाकांनी चष्मा लावून एकेक तार ओढून पाहिली. एकही निघाली नाही.

मग कौतुकाला पूर आला. आत्यानं आर्जवला पोटाशी धरलं. कुणी म्हणालं, खरे शास्त्रज्ञ तुम्हीच. कुणी टाळ्या वाजवल्या. काकांनी मुलांना मेळाव्याचं पहिलं बक्षीस जाहीर करून टाकलं. सोनिया सगळं ऐकत होती आणि तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मिरजेत एक जण अजून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बक्षीस नको," ती म्हणाली. "तुम्ही माइकवर जे बोललात ते त्यानं ऐकलंय. आता हे पण तुम्हीच त्याला सांगा. फोनवर नाही. तिथं येऊन."

काका उठले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

दवाखान्यात वीरधवल तसाच पडला होता. त्याची पाठ तेवढी दिसत होती. सोनियानं हाक मारली, पण तो वळला नाही. इंद्रजितनं मुंग्यांची गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यातच सोडली. सोनियाला वाटलं, उशीर झाला. आता काही सांगून उपयोग नाही.

अमृतकाका खाटेजवळच्या स्टुलावर बसले. त्यांचा तो गडगडाटी आवाज पार बसला होता.

"पोरा, मीच तो माइकवर बोललेला. तुझी जोडणी कच्ची नव्हती. मी स्वतः ओढून पाहिली. मी नारळाचं पाणी घातलं त्याच्यात. पूजा म्हणून. आणि वर तुलाच नावं ठेवली."

खालच्या रस्त्यावर कुठं तरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता. मंगलकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग वीरधवल हळूहळू वळला. डोळे सुजलेले. त्यानं काकांकडे पाहिलंच नाही. सोनियाच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं तो जवळ ओढला. आत बोट घालून जळकी पट्टी चाचपली, मग तिच्या खालचा आपला एकेक थेंब. शेवटचा थेंब चाचपून झाल्यावर त्यानं अडवून धरलेला श्वास सोडला.

"आवं काका," तो म्हणाला, "फुडल्या खंडेनवमीला पूजा करा, खुशाल करा. पर आदी ब्याटरी काढा."

काकांनी मान डोलावली.

"न्हाईतर ऱ्हाऊ द्या," वीरधवल म्हणाला. "तुमाला कळायचं न्हाई कंची तार सोडायची ती. मीच यीन."